मुलाला पळू द्या, कुंड्या मात्र उचला

प्रश्न : आम्ही भाड्यानं घर शोधतोय. घरात मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सगळं मनासारखं असलेलं एक घर सापडलंय, पण त्यात सगळ्या खोल्यांना लाकडी फरशी आहे. आजवर आम्ही टाइल्सच्या घरातच राहिलो. घर दाखवताना मालक तीनदा म्हणाले, ‘फरशी जपा हं, हार्डवुड आहे.’ करारात लिहिलंय की फरशीचं नुकसान झालं तर ते अनामत रकमेतून वळतं करून घेतलं जाईल, आणि खोल्यांचा बराचसा भाग गालिच्यानं झाकलेला असावा. बाल्कनीच्या दाराशी दोन काळसर डाग आधीपासूनच आहेत. ‘ते जुनेच आहेत, त्याचं काही नाही,’ असं मालक तोंडी म्हणाले. माझ्याकडे चौदा कुंड्या आहेत. घर बघायला गेलो तेव्हा मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळाला, तर मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की तो रडायलाच लागला. घरी आल्यावर वाटलं, अजून राहायला गेलोही नाही आणि माझी ही अवस्था. घ्यावं का हे घर?
– फरशीला बिचकलेली

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फरशीपेक्षा त्या रडणाऱ्या मुलाकडेच लक्ष गेलं. घर आपण राहायला घेतो. ज्या घरात पाच वर्षांच्या पोराला पळायची चोरी, त्याचं भाडं भरण्यात काय अर्थ? पण म्हणून हे घर सोडा असं मी म्हणणार नाही. घर घ्या. फक्त सही करण्याआधी एक तास त्या फरशीवर गुडघे टेकून घालवा, आणि जमलं तर मालकांनाही शेजारी बसवा. लाकडी फरशीवरून मालक-भाडेकरूंमध्ये जे तंटे होतात, ते बरेचसे या पहिल्या तासातच मिटवता येण्यासारखे असतात. तो तास हुकला की पुढे दोन-तीन वर्षं फरशी कितीही जपली तरी शेवटी प्रश्न येतो, ‘हे आधी होतं की तुम्ही केलं?’ आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

आधी मुलाच्या पळण्याचं बघू, कारण तुमची सगळी भीती तिथं एकवटली आहे.

लाकडाचा टणकपणा मोजायची एक जुनी पद्धत आहे, जांका चाचणी. साधारण ११.३ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती जोर लागतो, ते तीत मोजतात. फरश्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रेड ओकला सुमारे १,२९० पौंडांचा जोर लागतो, हार्ड मेपलला १,४५०, सागाला हजाराच्या आसपास. मऊसूत पांढऱ्या पाइनला मात्र जेमतेम ३८०. (‘हार्डवुड’ हा शब्द तसा फसवा आहे. तो रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला लावतात, त्यामुळे खेळण्यातली विमानं बनवायचं हलकं बाल्साही त्यातच मोडतं. मालक ‘हार्डवुड’ म्हणाले म्हणजे त्यांनी टणकपणाची हमी दिली असं समजू नका. झाड कुठलं ते विचारा.) फरशी ओकची असो की सागाची, तुमच्या मुलाच्या अनवाणी तळव्यांनी तिचं काहीही बिघडणार नाही. तो पळू दे, उड्या मारू दे. खाली राहणाऱ्यांना आवाज जाईल हा वेगळा मुद्दा, त्याकडे येतेच.

बिघडवतो तो बुटाच्या तळाला चिकटून आलेला वाळूचा कण. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्‌झ, आणि तो लाकडाहूनही टणक असतो, लाकडावरच्या पॉलिशच्या थराहूनही. पायाखाली तो कण सापडला की प्रत्येक पावलागणिक काचकागद फिरवल्यासारखं होतं. वर्षा-दोन वर्षांत दारापासून आतपर्यंत फरशीवर निस्तेज झालेली जी वाट दिसते, ती अशी पडते. टोकदार टाचेचंही तसंच. साठ किलोच्या माणसाचा भार चौरस सेंटिमीटरभर टाचेवर आला तर ओकलाही खळगा पडू शकतो, आणि टाचेचं रबर झिजून आतला खिळा उघडा पडला असेल तर नक्कीच पडतो. म्हणून मुलाला ओरडण्याऐवजी दारात दोन पायपुसणी टाका, एक बाहेर आणि एक आत, आणि बूट-चपला दारातच काढायचा नियम पाहुण्यांनाही लावा. नियम हवा तो एवढाच.

आता तो एक तास.

पहिली गोष्ट, ही फरशी नेमकी कशाची आहे ते पाहा. लाकडासारखं दिसणारं सगळं लाकूड नसतं. अखंड लाकडाची फळी साधारण १९ मिलिमीटर जाड असते. फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वरचं पाच-सहा मिलिमीटर लाकूड घासण्याजोगं असतं, आणि एका घासकामात त्यातलं मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी जातं. म्हणजे अशी फरशी आयुष्यात अनेकदा नव्यासारखी करता येते. इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा थर खऱ्या लाकडाचा आणि खाली प्लायवूड किंवा तत्सम काही. हा वरचा थर कधी अर्ध्या मिलिमीटरचा, तर कधी पाच-सहा मिलिमीटरचाही असतो. पातळ थराची फरशी घासताच येत नाही. लॅमिनेटमध्ये तर दाबलेल्या भुशाच्या पाट्यावर लाकडाचं छापील चित्र आणि वर पारदर्शक कडक थर. आणि व्हिनिलच्या फळ्या म्हणजे प्लास्टिकच.

ओळखायचं कसं? दाराच्या चौकटीशी किंवा दोन खोल्यांच्या सांध्यावरची पट्टी जिथं सैल असेल, तिथं फळीची कड दिसते. वरच्या रेषा कडेतूनही तशाच आरपार उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेला थर दिसले तर इंजिनिअर्ड. कड दिसतच नसेल तर खोलीभर नजर फिरवा. तीच गाठ, तीच रेष चार-सहा फळ्यांनंतर जशीच्या तशी पुन्हा आली, तर ते छापलेलं आहे. निसर्गात दोन फळ्या सारख्या निघत नाहीत.

एवढी चिकित्सा कशासाठी, असं वाटेल. पण अनामत रक्कम कशाच्या हिशोबानं कापली जाणार ते यावर ठरतं. घासून नवी होणाऱ्या फरशीवरच्या ओरखड्यासाठी ‘सगळी फरशी बदलावी लागेल’ असं कुणी म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता यायला हवं. आणि लॅमिनेटला हार्डवुड समजून मालक स्वतःच गैरसमजात असतील, तर तोही आत्ताच दूर झालेला बरा. असे मालक मी पाहिलेत. ते फसवत नव्हते, त्यांनाही घर घेताना कुणी तसंच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट, वरचं पॉलिश. दोन तऱ्हा असतात. एक पॉलियुरेथेनची, जिच्यात लाकडावर पारदर्शक पापुद्रा तयार होतो. दुसरी तेलाची किंवा मेणाची, जी लाकडात मुरते. मालकांना विचारा, आणि पॉलिश शेवटचं कधी केलं तेही विचारा. त्यांना आठवत नसेल तर त्यांच्या परवानगीनं कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून दोन-चार मिनिटं बघा. थेंब तसाच गोल उभा राहिला तर पॉलिश शाबूत आहे. लाकूड त्या जागी गडद झालं तर पाणी आत जातंय, म्हणजे संरक्षण संपलेलं आहे आणि तुमच्या आधीच संपलेलं आहे. लगेच पुसून घ्या, आणि ही गोष्ट नोंदवून ठेवा. उलट, तुम्ही येताय म्हणून मालकांनी मुद्दाम नवं पॉलिश करून घेतलं, तर गालिचे अंथरायची घाई करू नका. पॉलिश हाताला काही तासांत कोरडं लागतं, पण आतून पक्कं व्हायला पाण्यात कालवलेल्या पॉलियुरेथेनला आठवडा-दोन आठवडे आणि तेलात कालवलेल्या पॉलियुरेथेनला महिनाभरही लागतो. त्याआधी झाकलं तर गालिच्याचा ठसा उमटतो आणि तो तुमच्या नावावर जातो.

तिसरी गोष्ट ते दोन काळसर डाग. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

लाकडावरचा पांढरट डाग बहुधा पॉलिशच्या थरातच असतो. गरम भांडं, ओला पेला यांनी तो पडतो, आणि तो वरवरचा असतो. काळा डाग म्हणजे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात पोचलं आहे. ओकसारख्या लाकडात टॅनिन असतं. ओल आणि लोहाचा अंश यांच्याशी ते मिळालं की काळं पडतं, जुन्या शाईसारखं. (खरोखर, पूर्वीची शाई याच रासायनिक क्रियेनं बनवत.) असा डाग पुसून जात नाही. घासावं लागतं, कधी ऑक्झॅलिक आम्लानं उतरवावं लागतं, आणि खूप खोल गेला असेल तर फळी बदलावी लागते. म्हणजे ‘त्याचं काही नाही’ हे खरं नाही. त्याचं बरंच काही आहे, आणि ज्या दिवशी तुम्ही घर सोडाल त्या दिवशी ते कुणाच्या तरी खात्यावर पडणार आहे.

शिवाय हे डाग बाल्कनीच्या दाराशी आहेत. तिथं पाणी येतं कुठून? आधीच्या कुणी कुंडी ठेवली होती म्हणून पडले असतील तर गोष्ट संपली. पण दाराच्या फटीतून पावसाचं पाणी आत येत असेल, तर तो डाग वाढत राहणार आणि तुम्ही तिथं राहत असणार. म्हणून दाराखालची रबरी पट्टी पाहा, उंबऱ्याला ओल आहे का पाहा. मग खाली वाकून, टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. फळ्यांच्या कडा वर उचललेल्या आणि मध्य खोलगट, अशी पन्हळ दिसली तर खालून ओल येते आहे. लाकूड खालून फुगलं की असंच वाकतं. अशी पन्हळ दिसली तर कारण शोधून दुरुस्ती झाल्याशिवाय करारावर सही करू नका. आणि मालक घाईनं ‘घासून सपाट करून देतो’ म्हणाले तर तेही नको. ओल्या फळ्या घासून सपाट केल्या की वाळल्यावर त्या मधोमध उंचवटून येतात.

डागांचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून एक, आणि दार दिसेल असा लांबून एक. मग सगळ्या खोल्यांमधून सावकाश चालत एकच सलग व्हिडिओ घ्या, आडव्या उजेडात. जुने ओरखडे दिसतील तिथं थांबा. त्याच दिवशी मालकांना लेखी पाठवा. भाषा साधी ठेवा, म्हणजे त्यांना आरोप वाटणार नाही. असं काहीसं :

‘आज आपण मिळून घर पाहिलं. बैठकीच्या खोलीत बाल्कनीच्या दाराशी फरशीवर दोन काळसर डाग आहेत, एक साधारण १२ सेंटिमीटरचा आणि दुसरा ७ सेंटिमीटरचा. ते आधीपासूनचे असल्याचं आपण सांगितलंत. फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवत आहे. काही राहिलं असेल तर कळवावं.’

मापं अर्थात तुम्ही मोजाल ती. त्यावर त्यांचं ‘ठीक आहे’ एवढं उत्तर आलं तरी पुरे. ते टाळाटाळ करायला लागले तर मात्र सावध व्हा. जो माणूस दोन शब्द लिहून द्यायला तयार नाही, तो घर सोडताना तोंडी बोललेलं आठवेल असं धरून चालू नका.

चौथी गोष्ट करारातला ‘नुकसान’ हा शब्द. तो असा मोकळा सोडू नका. वापरानं होणारी झीज वेगळी आणि हलगर्जीनं झालेलं नुकसान वेगळं, हा फरक बऱ्याच ठिकाणचा कायदाही मानतो. तपशील ठिकाणागणिक बदलतात, तेव्हा तुमच्याकडचा नियम पाहून घ्या. पण कायद्यावर विसंबण्यापेक्षा करारातच एक वाक्य घालून घ्या : ‘रोजच्या वापरातून येणारे बारीक ओरखडे, पॉलिशची झीज, उन्हामुळे झालेला रंगबदल आणि हवामानामुळे फळ्यांमध्ये पडणाऱ्या फटी किंवा होणारा आवाज, यांना नुकसान समजलं जाणार नाही.’

फटी आणि आवाजाचा उल्लेख मी मुद्दाम केला. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. कोरड्या हवेत फळ्या रुंदीला आकसतात, दमट हवेत फुगतात. लांबीला मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत दोन फळ्यांमध्ये नखाएवढी फट दिसली, तर घाबरून तिच्यात काही भरू नका. हवा बदलली की ती मिटते, आणि भरलं असेल तर फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही. पावलाखाली करकर वाजणं म्हणजे फळी खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासणं. त्यातही तुमचा दोष नाही.

आणि समजा, खरंच तुमच्या हातून काही झालं, तरी भरपाई फरशीचं वय बघून व्हायला हवी. एखाद्या पॉलिशचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि त्यातली सात वर्षं तुमच्या येण्याआधीच सरली असतील, तर पूर्ण नव्या पॉलिशचा खर्च तुमच्याकडून घेणं न्याय्य नाही. पॉलिश शेवटचं कधी केलं हे विचारायला सांगितलं ते यासाठीही. तारीख कळली की तीही त्या पत्रात लिहून टाका.

गालिच्याचं कलम ऐकून तुम्हाला वाटलं असेल की फरशी वाचवायला ते घातलंय. बहुधा तसं नसतं. ते खाली राहणाऱ्यांसाठी असतं. बोलण्याचा आवाज हवेतून जातो, पण पाऊल, पडलेलं खेळणं, सरकवलेली खुर्ची यांचा दणका थेट लाकडातून खालच्या छतात उतरतो आणि तिथं मोठा होऊन ऐकू येतो. गालिचा आणि त्याखालचा जाड नमदा हा दणका जागच्या जागी जिरवतात. ‘बराचसा भाग’ म्हणजे किती, हे आत्ताच ठरवून घ्या. काही करारांत चालण्याच्या जागेपैकी ८० टक्के असा आकडा असतो आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर त्यातून वगळलेलं असतं. तुमच्या करारात आकडा नसेल तर लिहून घ्या, नाहीतर तक्रार येईल त्या दिवशी वाद होईल. मुलगा जिथं खेळणार आणि जिथून पळणार, त्या पट्ट्यात पहिला गालिचा टाका. सगळं घर एकदम झाकायला जाऊ नका.

गालिच्याच्या खाली काय घालता ते मात्र नीट बघा. स्वस्त पायपुसणी आणि गालिचे यांना खालून रबर किंवा पीव्हीसी चिकटवलेलं असतं. त्यातली रसायनं कालांतरानं पॉलिशशी मिसळतात आणि फरशीवर पिवळट ठसा उमटतो. कधी तर रबर फरशीला चिकटूनच बसतं. हा डाग पुसून जात नाही. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं किंवा धाग्याचं अस्तर सुरक्षित. गालिचा घसरतो म्हणून दुहेरी चिकटपट्टी लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, पट्टी काढताना पॉलिशही निघतं. सासूबाईंच्या दृष्टीनं मात्र गालिच्याची कड दुमडलेली किंवा सरकती असता कामा नये. त्यांच्या वाटेवर लहान तुकडे न टाकता एकच मोठा, जड गालिचा टाका आणि त्याच्या दोन बाजू सोफ्याच्या किंवा कपाटाच्या पायांखाली दाबून घ्या. गुळगुळीत लाकडावर नुसते मोजे घालून चालणं त्यांनाही धोक्याचं आणि मुलालाही. अनवाणी किंवा घरातल्या घरात वापरायची, तळाला पकड असलेली मऊ चप्पल बरी. चकाकीसाठी तेलकट पॉलिशचे फवारे मिळतात, ते तर घरात आणूच नका. एक तर फरशी निसरडी होते, आणि पुढे मालकांना पॉलियुरेथेनचा नवा हात मारायचा असेल तर तो त्या तेलकट थरावर धरत नाही. मग जे काम वरवर घासून एका दिवसात झालं असतं, त्यासाठी सगळी फरशी लाकडापर्यंत घासावी लागते.

तीन-चार महिन्यांनी गालिचे थोडे सरकवत जा. उन्हानं लाकडाचा रंग बदलतो. चेरी गडद होतं, अक्रोड फिकं पडतं. एकाच जागी वर्षभर गालिचा राहिला की उचलल्यावर खाली त्याचा चौकोन दिसतो.

पुसण्याची सवय तुम्हाला बदलावी लागेल, आणि टाइल्सवरून येणाऱ्यांना तेच सगळ्यात जड जातं. टाइल्सवर आपण बादली घेऊन ओलं फडकं फिरवतो, मागे पाणी राहिलं तरी ते वाळतं. लाकडावर मागे राहिलेलं पाणी सांध्यांतून आत उतरतं. रोज मऊ कुंचा किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवा. व्हॅक्यूम वापरत असाल तर गोल फिरणारा ब्रश बंद करून. आठवड्यातून एकदा फडकं इतकं घट्ट पिळून घ्या, की पुसलेली जागा मिनिटाभरात कोरडी व्हावी. वाफेचा मॉप अजिबात नको, त्यातली गरम वाफ दाबानं सांध्यांत घुसते. व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसा असं अनेक जण सांगतात, पण ते आम्ल आहे आणि हळूहळू चकाकी खातं. फरशी पुसायला घरी कुणी येत असेल तर पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून दाखवा. नुसतं ‘कमी पाणी घ्या’ म्हणून भागत नाही.

आता चौदा कुंड्या. खरं सांगू, मुलाची तुम्ही जेवढी काळजी केलीत त्याच्या दहापट काळजी यांची करायला हवी होती.

मी भाड्याच्या घरात राहत असताना खिडकीखाली मातीच्या बशीत एक मोठी कुंडी ठेवली होती. बशी होती, म्हणून निर्धास्त होते. दीड वर्षानं घर सोडताना ती उचलली, तर खाली बशीच्या मापाचं काळं वर्तुळ. पाणी सांडलं नव्हतं, बशी फुटली नव्हती. बिनझिलईची माती सच्छिद्र असते, एवढंच. बशीत पाणी राहिलं की ते माती शोषते, तळ कायम दमट राहतो, आणि त्याखाली हवा खेळत नसल्यामुळे ती ओल लाकडात जाते. अनामत रकमेतला बराच भाग त्या वर्तुळापायी गेला. मालकांनी ते कापले यात त्यांची चूक नव्हती. पण दीड वर्षांत मी एकदा जरी कुंडी उचलून पाहिली असती, तर ते तिथंच थांबलं असतं, ही रुखरुख अजून आहे.

म्हणून शक्य तेवढ्या कुंड्या बाल्कनीत ठेवा. घरात ज्या हव्यातच, त्या पायांच्या स्टँडवर ठेवा, खालून हात जाईल इतक्या उंच. बशी झिलईची किंवा प्लास्टिकची घ्या. पाणी घालताना कुंडी सिंकमध्ये किंवा बाल्कनीत न्या, निथळू द्या, मग परत आणा. उचलण्याजोगी नसलेली कुंडी लाकडी फरशीच्या घरात ठेवूच नका, ती कुणाला तरी देऊन टाका. जड आहे म्हणून जी उचलली जात नाही, तीच डाग पाडते.

खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा आणि त्या अधूनमधून पालथ्या करून बघा, कारण त्यांत खडे रुततात आणि मग त्याच ओरखडे काढतात. चाकांच्या खुर्चीला कडक नायलॉनऐवजी मऊ रबरी आवरणाची चाकं बसवून घ्या. कपाट ढकलू नका, उचला.

एवढं करूनही कधी काही होईल. काही जड पडेल, खळगा पडेल, रात्रभर बाटली सांडून राहील. पाणी असेल तर दिसताक्षणी पुसा, पंखा लावा आणि दोन-तीन दिवस फळ्यांच्या कडा पाहत राहा. मोठं काही असेल तर त्याच दिवशी मालकांना फोटोसह कळवा. लपवायला म्हणून काचकागदानं घासू नका किंवा रंगाच्या पेन्सिलीनं भरू नका. चकाकी वेगळी पडते, आणि तळहाताएवढ्या डागाचं काम हातभर होऊन बसतं. वेळेवर सांगितलेली गोष्ट माणसं बरीच समजून घेतात. घर सोडताना गालिच्याखालून निघालेली गोष्ट नाही घेत.

मुलाचं राहिलं. त्याला पळायला बंदी करू नका, पण एक काम त्याच्याकडे सोपवा. त्याच्या हाताला लागेल अशा जागी एक कोरडं फडकं टांगून ठेवा आणि सांगा, फरशीवर कुठंही पाणी दिसलं की हे तुझं काम, कुणी सांडलं ते विचारायचं नाही. या वयाच्या मुलांना असं काम मनापासून आवडतं, आणि ओरडण्याच्या भीतीनं सांडलेलं लपवायची सवयही लागत नाही. शिवाय मागच्या भेटीत तो त्या घरात रडला आहे. किल्ल्या घ्यायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या. बूट दारात काढायला लावा आणि म्हणा, आता पळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुम्ही तोवर टॉर्च घेऊन बाल्कनीच्या दाराशी बसा आणि त्या दोन डागांची मापं घ्या.